विजयमालाची पुळण

लग्नाला आठ महिने होत आले होते आणि आपला नवरा शीळ घालतो हे मला त्या दिवशी कळलं, तेही भर समुद्रात.

मी होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे मिटून अंबाबाईचं नाव घेत बसले होते. तेवढ्यात हे शेजारून उठून उभे राहिले. होडी डचमळली. मी ओरडले, "अहो, बसा खाली!" पण ऐकतंय कोण? ह्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शीळ घातली की माझे कान बधिर झाले. डोळे उघडून बघते तर समोर बेट आलेलं, आणि माडांखाली वाळूत एक बाई उभी. काळीसावळी, उंच, पदर कमरेला खोचलेला. तिनंही दोन बोटं तोंडात घातली आणि तश्शीच शीळ उलट घातली.

"कोण हो ती?"

"भागी," हे म्हणाले आणि हसले. सगळे दात दिसतील असं हसले. कोल्हापुरात आठ महिन्यांत मला त्यातला एकही दात दिसला नव्हता.

ह्यांचं नाव सर्जेराव. प्राथमिक शिक्षक. मिसरूड फुटायच्या वयात पहिली नेमणूक झाली ती मालवणच्या दक्षिणेला असलेल्या ह्या करंबळ बेटावर. बेटावर कोळ्यांची थोडीशी घरं, एकशिक्षकी शाळा आणि गोड्या पाण्याची एकच विहीर. चार वर्षं हे तातू तांडेलाच्या घरी राहिले. मग बदली होऊन आमच्या भागात आले, आणि 'मुलगा फार शांत आहे हो' अशा शिफारशीवर माझ्या वडिलांनी मला त्यांच्या गळ्यात बांधलं. शांत तर असे, की आमटी आळणी झाली तरी चार घास कमी खाऊन उठायचे, बोलायचे नाहीत. बोलले ते दिवाळीच्या सुट्टीत एकदाच. "करंबळची शाळा वर्षभर बंद आहे. तिथं जायला कुणी तयार नाही. तू एकदा बघून घे. आवडलं तर मी बदली मागतो. नाही आवडलं तर विषय संपला."

मी नकार कोल्हापुरातच पक्का करून निघाले होते. पण तो नकार समुद्राला, होडीला आणि माशांच्या वासाला होता. ह्या बाईची मला काही कल्पना नव्हती.

होडी वाळूला लागायच्या आत ती गुडघाभर पाण्यात शिरली. "इलंस रे मास्तरा? कितको वाळलंस! ही जेवक घालीत नाय काय तुका?"

ही म्हणजे मी! आणि अरे-तुरे! ह्यांना अरे-तुरे करणारी माझ्या सासूबाईंनंतर ही दुसरीच. मग तिनं माझी ट्रंक उचलून डोक्यावर घेतली आणि मोकळा हात माझ्यापुढे केला. "ये गो बाय. हात दी, घसारतलंस."

मी हात दिला नाही. एकटी उतरायला गेले आणि कमरेपर्यंत पाण्यात बसले. नवी इरकल साडी! ती हसली ते एक वेळ ठीक, पण हेही तिच्याबरोबर हसले. वल्ही मारणारा म्हातारा तेवढा हसला नाही. तो तातू, भागीरथीचा सासरा. घरात दोघंच. तिचा नवरा जयराम वादळात होडीसकट गेलेला, हे मला ह्यांनी वाटेत सांगितलं होतं. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे कोपऱ्यात बसून असणारी, पिचलेली बाई होती. ही तर ट्रंक डोक्यावर घेऊन माझ्या नवऱ्याशी गप्पा मारत ताडताड पुढे चालली होती.

घरात शिरल्यावर ह्यांनी न बघता हात वर केला आणि पिशवी खुंटीला अडकवली. अंधारात खुंटी कुठं आहे ते हाताला ठाऊक होतं. भागीरथीनं पेटाऱ्यातून घडी केलेली लुंगी काढून दिली. ह्यांचीच, जुनी, धुऊन ठेवलेली. मग पाट मांडला. मी त्यावर बसायला गेले तर म्हातारा म्हणाला, "तो मास्तराचो पाट, बाय. तुका दुसरो देता." मला आणलेला पाट डुगडुगत होता.

जेवताना ह्यांनी पुन्हा पुन्हा भात मागितला. बांगड्याचे काटे असे सफाईनं काढत होते की मी बघतच राहिले. आणि भागीरथी पुढ्यात बसून वाढत होती. "सोलकढी घे रे. वायच घे. तुका आवडता म्हणान केलंय." मला म्हणाली, "तू पण घे गो." पण. त्या 'पण'चा एक घासही माझ्या घशाखाली उतरला नाही. मला काय झालं होतं ते सरळ सांगते, माझा जळफळाट होत होता. अजूनही मला वाटतं, माझ्या जागी कुठलीही बाई असती तरी जळली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथी आम्हांला बेट दाखवायला निघाली. ती पुढे, मधे हे, मागे मी. चपला हातात घ्यायला लावल्या होत्या, आणि ओल्या खडकांवरून ते दोघं अंगणात चालावं तसं चालत होते. मला मात्र प्रत्येक पाऊल टाकताना देव आठवत होता.

बेट सुंदर होतं. हे मी त्या वेळीही नाकारलं नसतं. एका अंगाला तांबडा कडा, त्याच्या पायथ्याशी काळे खडक, आणि त्या खडकांतून पाणी आत घुसून एकदम वर उसळायचं. मधूनच एखादी छोटीशी पुळण लागायची, पुळण म्हणजे किनाऱ्यावरची वाळू. तिच्यावर इवल्या कुर्ल्या-खेकड्यांनी वाळूच्या गोळ्या मांडून ठेवलेल्या असायच्या. केवड्याच्या दाटीतून वारा यायचा. कोल्हापुरात आम्ही रंकाळ्यावर फिरायला जायचो तेव्हा पाणी म्हणजे एवढंच वाटायचं.

आणि त्या किनाऱ्याला जागोजागी माणसांची नावं होती. खडकांच्या मधे साचलेलं नितळ पाणी दाखवून भागीरथी म्हणाली, "ह्या केसरीचा न्हाणा."

"केसरी कोण?"

"हंयचीच चेडू. वेंगुर्ल्याक दिली. आता नातवंडा असत तिका."

पुढची पुळण दोन भावांची. ते भाऊ मुंबईत गोदीत लागले होते, तिथंच घरं केली. त्याच्याही पुढे एक बाबल्याचा खडक. तो कुठल्याशा बोटीवर खलाशी होऊन गेलेला. मग एक अरुंद घळ आली. पाणी आतपर्यंत जाऊन हुंकार दिल्यासारखं परत येत होतं. तिथं भागीरथी थांबली नाही, फक्त जाता जाता कपाळाला हात लावला.

"ही कुणाची?"

"जयरामाची घळ," हे हळूच म्हणाले.

माझ्या मनात आलं, छान आहे की रीत. आपल्या माणसाचं नाव किनाऱ्याला द्यायचं. सासरी गेलेल्या मुलीचं, मुंबईला गेलेल्या मुलांचं, देवाघरी गेलेल्या नवऱ्याचं. आणि ते मनात येताच दुसरी गोष्ट आली. चार वर्षं घरात राहिलेल्या लाडक्या मास्तराचं नाव कशाला दिलंय? एखादा डोंगरच दिला असेल!

"ह्यांच्या नावाचं काय आहे मग?" मी विचारलं.

भागीरथी वळली. "मास्तराच्या? काय नाय."

"एखादा दगडसुद्धा नाही?"

"नाय."

हे समुद्राकडे बघत होते. बेटावर आल्यापासून मला पहिल्यांदा बरं वाटलं. चार वर्षं राहून एक दगड नाही! पाट काय, लुंगी काय, ती तर आम्ही पाहुण्यालाही देतो.

सगळ्यात शेवटी उत्तरेच्या टोकाला केवड्याचं बन ओलांडून एक लहानशी पुळण लागली. चार घरं मावतील एवढीच, पण वाळू धुतलेल्या तांदळासारखी, आणि पाणी इतकं स्वच्छ की माझ्या पायांवरचे जोडव्यांचे वळ दिसत होते. हिला नाव नव्हतं. मी साडी वर घेतली आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. लाट आली, भिजवून गेली, आणि मी मोठ्यानं हसले.

हे जवळ आले. "आवडलं?" त्यांनी विचारलं. कधी नव्हे तो माझा हात धरला, भर दिवसा, उघड्यावर.

खरं सांगते, होय अगदी ओठांवर आलं होतं. आणि तेवढ्यात मागून हाक आली, "मास्तरा, तिसऱ्ये गावतत हंय! ये बेगीन!"

ह्यांनी हात सोडला आणि गेले. ओल्या वाळूत उभं राहून ते दोघं तिसऱ्यांच्या शिंपल्यांसाठी टाचा फिरवू लागले. टाच फिरवायची, वाळू सैल झाली की वाकून शिंपली उचलायची. तिची टाच उजवीकडे गेली की ह्यांची उजवीकडे, तिची डावीकडे की ह्यांची डावीकडे. एकमेकांकडे बघतही नव्हते. बोलतही नव्हते. जन्मभर एका जात्यावर दळलेल्या दोन बायका जशा नुसत्या हाताच्या अंदाजानं दळतात तसे. मी पाण्यातून बाहेर आले आणि चपला घातल्या.

संध्याकाळी हे तातूबरोबर जाळं झाडायला गेले होते. चुलीपाशी आम्ही दोघीच. ती तव्यावर मासा भाजत होती.

"मगे?" तिनं विचारलं. "रवतलास हंय? शाळा उघडतली?"

तिचा स्वर साधा होता. पण दिवसभर पोटात साठलेलं सगळं माझ्या तोंडातून एकदम बाहेर पडलं. "हे बघा भागीरथीबाई, मी एकदा आले तेवढं पुरे झालं. मी पुन्हा इथं पाऊल ठेवायची नाही. आणि मी नाही म्हटल्यावर हेही यायचे नाहीत."

दारात सावली पडली. हे जाळं घेऊन उभे होते. कधी आले होते कुणास ठाऊक. ते तसेच मागे फिरले.

भागीरथीनं मासा उलटला. तो तव्याला चिकटला होता, मधोमध तुटला. "बरा," ती म्हणाली. एवढंच.

सकाळी निघायच्या वेळी ती विहिरीवरून तांब्या भरून आली. "चल गो बाय. तुका कायतरी देवचा असा."

मला वाटलं, नारळ देईल, नाहीतर सुकी मासळी. पण तिनं मला त्या उत्तरेच्या पुळणीवर नेलं. हेही आले, तातूही आला. ती वाळूच्या मधोमध उभी राहिली, तांब्यातलं गोडं पाणी धारेनं वाळूवर ओतलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आजपासून ही विजयमालाची पुळण."

विजयमाला हे माझं नाव. ह्या बेटावर आल्यापासून कुणी उच्चारलं नव्हतं, नुसतं 'बाय' आणि 'ही'. आणि आता अख्खी पुळण! चार वर्षांच्या मास्तराला दगड नाही आणि मला तिसऱ्या दिवशी बेटावरची सर्वांत सुंदर जागा. माझे डोळे भरून आले. उगाच ह्या बाईचा राग केला, असंही वाटून गेलं. मी तिला मिठी मारली. ती लाकडासारखी उभी राहिली. तातू खाली बघत होता. हे केव्हाच होडीकडे चालू लागले होते.

होडी निघाली. बेट लांब जाऊ लागलं तशी माझी भीड चेपली. "बघितलंत ना?" मी ह्यांना म्हणाले. "तुम्ही चार वर्षं ह्यांची पोरं शिकवलीत. काय मिळालं? आणि मी आले नाही तोच पुळण घेतली! आता कुणी विचारलं तर सांगेन, समुद्रात माझी जागा आहे म्हणून."

तातूची वल्ही थांबली.

"बाय," तातू म्हणाला, "तुका कोणी सांगूक नाय?"

"काय?"

म्हातारा ह्यांच्याकडे बघून मग माझ्याकडे वळला. "हंय नाव कोणाचा देतत? जो परत येवचो नाय, तेचा. केसरी येवची नाय, तिचा दिला. भाव येवचे नाय, तेंचा दिला. बाबलो येवचो नाय. जयराम..." तो थांबला. जयराम त्याचा मुलगा होता. "माणूस गेला ह्या कबूल करूचा लागता. मगे घरच्या माणसान गोडा पाणी ओतूचा नि नाव सांगूचा. त्यानंतर तेची वाट बघू नये."

मी ह्यांच्याकडे बघितलं. "आणि ह्यांचं नाव नाही ते...?"

"मास्तराची बदली झाली तेव्हा लोकांनी सांगल्यानी, भागी, गेलो तो गेलो, नाव दे. तिणा देवक नाय. म्हणता, तो येतलो."

समुद्रात माझी जागा! मी बसल्या जागी गार झाले, आणि लगेच तळपायाची आग मस्तकात गेली. एका तांब्यात त्या बाईनं मला हाकलून लावलं होतं आणि मी तिला मिठी मारून आले होते.

"तुम्हांला माहीत होतं?" मी ह्यांना विचारलं.

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काल तूच म्हणालीस, पुन्हा पाऊल ठेवायची नाही. मला वाटलं, खरंच म्हणालीस."

"आणि तुम्ही? तुम्ही येणार?"

हे पाण्याकडे वळले. "ते माझं अजून ठरलं नाही," म्हणाले.

एवढंच वाक्य. पण मला सगळं डोळ्यांपुढे दिसलं. दर दिवाळीला हे पिशवी घेऊन निघतील. खुंटी, पाट, लुंगी. मी कोल्हापुरात रांगोळी काढत बसेन, आणि इथं माझ्या नावाच्या वाळूत ते दोघं टाचा फिरवून तिसऱ्या काढतील!

"होडी फिरवा," मी म्हणाले.

"बाय, वारो उलटो असा, बंदरात जावक उशीर..."

"फिरवा म्हणते ना! नाहीतर मी पोहत जाते." पोहणं मला येत नव्हतं हे तिघांनाही माहीत होतं. पण मी खरंच उठून उभी राहिले. होडी एका अंगाला कलली आणि तातूनं घाईघाईनं वल्हं उलटं मारलं. त्याच्या मिशीत काहीतरी हललं होतं.

भागीरथी अजून त्याच पुळणीवर होती. रिकामा तांब्या शेजारी ठेवून, पाय पाण्यात सोडून बसली होती. होडी बघून दचकून उठली. "काय गो? काय इसारलंस?"

मी ह्या वेळी कुणाच्या हाताची वाट बघितली नाही. सरळ पाण्यात उडी टाकली आणि निथळत तिच्यापुढे उभी राहिले. "नाव विसरले. माझं नाव. ते घ्यायला आले."

तिनं तातूकडे बघितलं. म्हातारा आकाशाकडे बघू लागला.

"मला घालवून द्यायला पुळण दिलीस?" माझं अहो-जाहो केव्हा गळून पडलं कळलं नाही.

"तूच म्हणालंस, परत येवची नाय."

"मी रागानं म्हणाले!"

"मी पण रागानच दिलंय."

"तुला कसला राग?"

"तुका कसलो?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. हे होडीत होते, दोरखंड हातात धरून, पाठ करून. तिच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी ओळखलं. गेले दोन दिवस तेच घेऊन मी तिच्या घरात वावरत होते. मी एकटीच जळत होते असं नव्हतं तर! ते कळल्यावर मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही.

"तुझं आणि ह्यांचं काय होतं?" मी विचारूनच टाकलं.

ती ओशाळली नाही, चिडलीही नाही. "जयराम गेलो तेव्हा माझी चूल पेटत नाय होती. तातू असो बसान, मी अशी बसान. मास्तर शाळा सुटल्यार येय, चूल पेटवी, पेज करी, आमका दोघांक वाढी. करपलेली पेज. वरीसभर." ती थांबली. "त्येच्यापलीकडे काय होता, तर तां मी कधी इचारूक नाय. तुका व्हया तर तू इचार तेका."

माझ्या घरी हे पाण्याचा तांब्याही स्वतः भरून घेत नसत. आणि इथं वर्षभर पेज! मी होडीकडे बघितलं. त्या पाठीला विचारायचं? नाही विचारलं. पुढंही कधी विचारलं नाही.

"ते जाऊ दे," मी म्हणाले. "आधी माझं नाव काढ."

"कसा काढू? दिलेला नाव परत घेवक आजपर्यंत कोण इलाच नाय."

दोघी तातूकडे वळलो. म्हाताऱ्यानं होडीतून उतरायला भरपूर वेळ घेतला, चंची काढली, पान जुळवलं. मग म्हणाला, "देताना गोडा पाणी ओतलेला. तर घेताना खारा पिवक व्हया. ओंजळभर. नि आपल्याच नावान हाक मारूची, तीनदा, कड्यावरच्या लोकांक ऐकाक येयत अशी. मगे मागे न बघता घरात येवचा."

"अशी रीत आहे?" मी संशयानं विचारलं.

"आता झाली," तातू म्हणाला.

मी समुद्राचं पाणी ओंजळीत घेतलं आणि प्यायले. पदरानं तोंड पुसलं. मग कड्याकडे तोंड करून ओरडले, "विजयमाला!" आवाज घशातच फाटला.

"मोठ्यान गो!" भागीरथी म्हणाली. "त्या हाकेर मांजर येवचा नाय!"

"विजयमालाऽऽ!"

कड्यावर कुणीतरी घरातून बाहेर आलं. मी छाती भरून श्वास घेतला. एक ती सकाळ सोडली तर लग्न झाल्यापासून माझं नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं, ह्यांनी तर नाहीच. तिसऱ्यांदा मी अशी ओरडले की केवड्यातले पक्षी उडाले.

आणि मागून, होडीतून, शीळ आली. मी वळले नाही, वळायचं नव्हतं. पण ती शीळ मला होती. भागीरथीनं दोन बोटं तोंडाकडे नेली होती, ती तिनं खाली घेतली.

आम्ही एक दिवस जास्त राहिलो. जेवताना मी आपणहून त्या डुगडुगत्या पाटावर बसले, त्याच्या पायाखाली करवंटीचा तुकडा सारून. बदली ह्यांनी मागितली नाही. मी मागू दिली नाही, एवढी काही मी उदार नाही. पण त्यानंतर दर दिवाळीच्या सुट्टीत आम्ही करंबळला जात राहिलो, दोघं मिळून. एकटं मी त्यांना कधीच पाठवलं नाही. तांदूळ, गूळ, भागीसाठी इरकल. मला टाचेनं तिसऱ्या काढायला तिनंच शिकवलं. काही वर्षांतच मी तिच्यापेक्षा जास्त काढू लागले, आणि हे मी दर वेळी तिला ऐकवायची. ती म्हणायची, "माझ्या शिंपल्यो मोठ्यो असत." तातू गेला. तो ज्या खडकावर बसून पान खायचा तो आता तातूचा खडक.

हे गेले ते कोल्हापुरात, दुपारच्या झोपेत, न बोलता. ह्यांच्या स्वभावाला शोभेल असेच गेले.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मी एकटी करंबळला गेले. आता तिथं मोटरची होडी जाते. भागी किनाऱ्यावर उभी होती, केस पांढरे झालेले, पदर तसाच खोचलेला. शीळ कुणीच घातली नाही. तिनं पाण्यात शिरून हात पुढे केला आणि मी तो धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवरून तांब्या भरून आली. मला काही सांगावं लागलं नाही. आम्ही केसरीच्या न्हाण्यावरून, दोन भावांच्या पुळणीवरून, जयरामाच्या घळीवरून उत्तरेच्या टोकाला आलो. ती पुळण तशीच होती, बिननावाची.

भागीनं तांब्या माझ्यापुढे धरला. "तू ओत. हक्क तुझो."

इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदा म्हणाली. मी तांब्या हातात घेतला. पाणी गार होतं, तळ दिसत होता.

"जयरामाचं नाव तू दिलंस तेव्हा कसं वाटलं होतं?" मी विचारलं.

"लोकांनी सांगल्यानी म्हणान दिलंय." ती समुद्राकडे बघत होती. "त्या रातीपासून मी दारात त्येच्यासाठी दिवो ठेवक नाय. ठेवचो होतो माका."

मी त्या पांढऱ्या वाळूकडे बघितलं. इथंच त्यांनी माझा हात धरला होता, आणि इथूनच सोडून तिच्या हाकेला गेले होते.

"मला तहान लागलीय," मी म्हणाले.

भागीनं माझ्याकडे बघितलं. मी तांब्या तोंडाला लावला आणि प्यायले. मग उरलेलं पाणी तिच्यापुढे केलं. तिनं तांब्या उंच धरला आणि तळापर्यंत पिऊन रिकामा केला.

ह्यांच्या नावाचं त्या बेटावर अजूनही काही नाही. पाणी आम्ही दोघी अर्धं अर्धं प्यायलो असं भागी सगळ्यांना सांगते. पण ते खरं नाही. थोडं जास्त मीच प्यायले होते.